शिंप्याचा मुलगा जोसेफ फूरिये

१० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे चित्र तुम्ही पाहिले असेल. काळ्या ठिपक्याभोवती केशरी कडे! ते कोणा एका दुर्बिणीने टिपलेले नव्हे. पृथ्वीच्या पाठीवर विखुरलेल्या मोजक्या रेडिओ दुर्बिणींच्या अपुऱ्या नोंदींवरून ते गणिताने उभे केले. त्या गणिताचा पाया घालणाऱ्या जोसेफ फूरियेची ही हकीकत.

२१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो पोरका झाला. पाद्र्यांच्या शाळेत शिकताना मेणबत्त्यांची थोटके गोळा करून तो रात्री गणिते सोडवी, असे सांगतात. तोफखान्यात जाण्याची इच्छा होती. पण घराणे उमरावाचे नाही म्हणून नकार मिळाला. मग तो शिक्षक झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, त्याने तुरुंगही पाहिला.

१७९८ मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर तो इजिप्तला गेला. स्वारी ती स्वारीच, तिचे गोडवे आपण कशाला गावे? पण कैरोतील नव्या विद्वत्संस्थेचे चिटणीसपद त्याने सांभाळले. परतल्यावर ग्रेनोबल येथे तो प्रिफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, झाला. दलदल सुकवायची, रस्ते काढायचे आणि उरल्या वेळात उष्णता कशी पसरते याचे गणित मांडायचे!

१८०७ मध्ये त्याने पॅरिसला निबंध सादर केला. कितीही वेडावाकडा आकार साध्या लाटांच्या बेरजेने मिळतो, असे त्याचे म्हणणे होते. थोर गणिती लाग्रांज यांना ते पटले नाही. १८१२ मध्ये बक्षीस मिळाले, तेही सिद्धता कच्ची असल्याच्या शेऱ्यासह. शेरा अगदीच अन्यायाचा नव्हता. ती उणीव डिरिश्ले याने १८२९ मध्ये बरीचशी भरून काढली. फूरियेचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला, म्हणजे पंधरा वर्षांनी. १६ मे १८३० रोजी तो वारला.

आता दुर्बिणींकडे या. आकाशाचे चित्र हीसुद्धा लहानमोठ्या लाटांची बेरीजच. दुर्बिणींची प्रत्येक जोडी त्यातील एक लाट मोजते. जवळची जोडी ठळक, दूरची बारीक. पृथ्वी फिरते तशी जोडीची दिशा बदलते आणि नव्या लाटा हाती येतात. तरीही पुष्कळ लाटा निसटतात, आणि त्याच नोंदींत बसणारी अनेक चित्रे निघू शकतात. म्हणून त्या कृष्णविवराचे चित्र आधी चार गटांनी एकमेकांशी न बोलता काढले. चौघांनाही कडेच दिसले.

पालकहो, नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची अशीच दुर्बीण आहे. तिच्या जोड्या होतात ४३५. मुलांकडून हा हिशेब करून घ्या आणि सवड काढून त्यांना तिकडे न्या.