तिजोरीचे दार आणि अर्देशीर गोदरेज

जुनी तिजोरी पाहताना नजर प्रथम जाते ती तिच्या जाड दाराकडे आणि पितळी मुठीकडे. दाराचा भक्कमपणा मात्र या दर्शनी गोष्टींवर ठरत नाही. कुलूप कोणत्या पत्र्याला जडवले आहे, बिजागऱ्या कशा बसवल्या आहेत, दार आणि चौकट यांच्यात पहार शिरेल एवढी फट आहे का, हे पाहिल्यावाचून तिजोरीची किंमत कळत नाही. न दिसणाऱ्या या बाजूकडे भारतात ज्यांनी सर्वप्रथम कसोशीने लक्ष पुरवले, त्यांत अर्देशीर गोदरेज यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म 26 मार्च 1868 रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. तारुण्यातच त्यांच्यावर मोठा आघात झाला. 1891 मध्ये राजाबाई टॉवरवरून कोसळून त्यांची पत्नी बचूबाई मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेने सारी मुंबई हादरली. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कायद्याचे शिक्षण पूर्ण झाल्यावर 1894 मध्ये एका पक्षकाराची बाजू मांडण्यासाठी ते झांजिबारला गेले. ती बाजू सर्वस्वी सत्याला धरून नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. मनाला न पटणारी गोष्ट न्यायालयात मांडण्यास त्यांनी नकार दिला आणि वकिलीला रामराम ठोकून ते मुंबईला परतले.

वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून 3,000 रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याचा उद्योग आरंभला. माल उत्तम उतरला. परंतु त्यावर हिंदुस्थानात बनल्याची खूण घालू देण्यास मोठे गिऱ्हाईक तयार होईना. देशी खूण दिसली की माल खपणार नाही, अशी व्यापाऱ्याची धारणा होती. खूण पुसून धंदा वाचवण्यापेक्षा अर्देशीर यांनी धंदा सोडणे पत्करले. कामा यांचे कर्ज डोक्यावर राहिले आणि हाती काम उरले नाही.

त्या सुमारास मुंबईत घरफोड्यांचे प्रमाण वाढल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत होत्या. चांगली कुलपे विलायतेहून येत आणि ती महाग पडत. अर्देशीर यांनी कुलपाच्या शास्त्राचा अभ्यास केला आणि कामा यांच्याकडेच पुन्हा शब्द टाकला. 7 मे 1897 रोजी लालबागमध्ये, गॅस कंपनीशेजारच्या 215 चौरस फुटांच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, बारा कारागिरांसह काम सुरू झाले. पुढे धाकटे बंधू पिरोजशा त्यांना येऊन मिळाले.

कुलूप चांगले असले तरी ते ज्या दाराला लावायचे ते दार कच्चे असेल तर काय उपयोग, हा पुढचा प्रश्न होता. त्यातून तिजोरीचा विचार सुरू झाला. तिजोरीसमोर शत्रू दोन असतात, चोर आणि आग. पोलाद चोराला रोखते. पण तेच पोलाद तापले की आतील हुंड्या, दस्तऐवज आणि चोपड्या करपून जातात. म्हणून तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा थर असावा लागतो. एक शत्रू रोखला म्हणजे दुसरा आपोआप रोखला जात नाही, हे अर्देशीर यांनी ओळखले होते.

बरीच आरेखने तपासून त्यांनी एक रचना निवडली. पोलादाच्या एकाच पत्र्याला सोळा ठिकाणी वाकवून पेटी घडवायची, म्हणजे पहार घालण्याजोगे सांधे कमी राहतात. दार दुहेरी पत्र्याचे करायचे आणि कुलूप व बिजागऱ्या आतल्या पत्र्याला रिव्हेटने जडवायच्या. बाहेरचा पत्रा उचकटला तरी कुलूप जागचे हलत नाही. या तिजोऱ्या 1902 मध्ये बाजारात आल्या. पुढे बिनस्प्रिंगच्या कुलपाचे पेटंट त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले. नेहमीच्या कुलपातील स्प्रिंग गंजते, कधी तुटते आणि कुलूप दगा देते. ती काढूनच टाकली तर बिघाडाचे एक मूळ नाहीसे होते, असा त्यामागील साधा विचार होता.

स्वदेशीवर त्यांची निष्ठा होती. लोकमान्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी 1921 मध्ये तीन लाख रुपये दिले. तथापि माल देशी आहे एवढ्याच कारणाने लोकांनी तो घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. हलक्या मालाने स्वदेशीचीच बदनामी होते, असे त्यांचे मत होते. याच काळात त्यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवून दाखवला. 1928 मध्ये उद्योगाची सूत्रे पिरोजशा यांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करण्यासाठी गेले. जानेवारी 1936 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या तिजोऱ्यांची सर्वांत कठोर परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर प्रचंड स्फोट होऊन आसपासचा परिसर भस्मसात झाला. त्या राखेतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधील कागदपत्रे शाबूत सापडली.

त्या काळातील एखादी तिजोरी आजही जुन्या पेढीवर किंवा वाड्याच्या माजघरात आढळते. केवळ नावावर विसंबून तिच्यात सर्वस्व ठेवणे मात्र शहाणपणाचे नाही. पत्र्यांमधील थर काळानुसार निकामी होतो आणि विजेवर चालणाऱ्या आजच्या हत्यारांपुढे जुने पोलाद फार काळ टिकत नाही. दार उघडून त्याची आतली बाजू जाणकाराकडून तपासून घ्यावी, हेच उत्तम. खुद्द अर्देशीर यांनीही नावापेक्षा आतल्या बाजूवरच भरवसा ठेवला होता. वकिलीत आणि व्यापारात नुकसान सोसून त्यांनी जो सच्चेपणा जपला, तोच त्यांच्या तिजोरीच्या दारात उतरला.