विजयदुर्गचा तुळाजी

आपल्यापैकी बरेच जण पहिल्या वर्षाला असतानाच विजयदुर्गला जाऊन आले असतील. देवगडहून एस.टी. पकडायची, किल्ला बघायचा, तटावर बसून ग्रुप फोटो काढायचा आणि मासे खाऊन संध्याकाळपर्यंत होस्टेलला परत. मीही तसाच गेलो होतो. पण तिथल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी खाडीकडे बोट दाखवून सांगितलं, की इथेच एका दुपारी मराठ्यांचं अख्खं आरमार जळालं. मी चक्रावलोच. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला रॉबर्ट क्लाइव्ह माहीत होता, प्लासीची लढाई तारखेसकट पाठ होती. पण हाच क्लाइव्ह प्लासीच्या आधी जेमतेम दीड वर्ष आपल्या सिंधुदुर्गात येऊन गेला होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याच्यासाठी तो आला होता, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव तुळाजी आंग्रे.

तुळाजी हा कान्होजी आंग्र्यांचा मुलगा. कान्होजींनी एक साधा नियम केला होता. कोकण किनारा मराठ्यांचा, म्हणून इथून माल न्यायचा असेल तर मराठ्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा आणि त्याचे पैसे भरायचे. आज आपण टोलनाक्यावर भरतो, तसंच काहीसं. इंग्रज, पोर्तुगीज, डच यांना हे मान्य नव्हतं. समुद्रावर परवाने द्यायचा हक्क आपलाच, असं त्यांना वाटायचं. म्हणून दस्तक नसलेलं जहाज आंग्र्यांनी धरलं की ते त्याला चाचेगिरी म्हणायचे, आणि स्वतः तेच केलं की कायदा.

आता या जहाजांत असायचं तरी काय? चीनचं रेशीम आणि पोर्सिलेनची भांडी, मलबारची मिरी आणि वेलची, सुरतेचं कापड, आणि खरेदीसाठी युरोपातून आलेलं सोनं-चांदी. सगळा श्रीमंतांचा माल. असं एक जहाज बुडालं किंवा पकडलं गेलं, तर मुंबई-सुरतेतले कितीतरी व्यापारी एका दिवसात रस्त्यावर यायचे. 1735 च्या डिसेंबरात तुळाजीचा भाऊ संभाजी आंग्रे याने इंग्रजांचं डर्बी नावाचं मोठं जहाज पकडलं. त्यात मुंबईसाठी येणारं सोनं होतं आणि जहाजबांधणीचं सामानही होतं. मुंबईकर इंग्रज हा मार बरीच वर्षं विसरले नाहीत.

कान्होजी 1729 मध्ये वारले आणि घरात भाऊबंदकी सुरू झाली. थोरला सेखोजी 1733 मध्ये गेला. मग मानाजी कुलाब्याला आणि संभाजी विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडे अशी वाटणी झाली. एकाच आरमाराचे दोन तुकडे झाले. 1742 मध्ये संभाजी वारला आणि दक्षिणेकडचा भाग तुळाजीकडे आला. पुढे छत्रपती शाहू महाराजांकडून त्याला सरखेल हा किताबही मिळाला. 1745 मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट जिंकून घेतले आणि आपण नुसते कान्होजींचे वारस नाही, हे दाखवून दिलं.

इंजिनिअरिंगच्या पोरांना इंटरेस्ट वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्याची जहाजं. गुराब हे मोठं लढाऊ जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं. मध्ये रुंद, पुढे निमुळतं, आणि तळ उथळ, म्हणजे खाडीत सहज शिरता येईल असं. पुढच्या नाळेवर दोन मोठ्या तोफा समोर मारा करणाऱ्या. गलबत त्याहून लहान, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजं जागच्या जागी थांबायची, आणि नेमकी तेव्हाच ही गलबतं गुराबांना दोर बांधून ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला आणायची. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, मागे जवळजवळ काहीच नाही. तिथून डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, जहाज लंगडं झालं की माणसं चढवायची. शत्रूच्या डिझाइनमधली कमजोरी ओळखून केलेलं हे डिझाइन होतं.

आणि तळ म्हणून विजयदुर्ग. तीन बाजूंना पाणी, बाजूला वाघोटनची खाडी, आत वादळातही सुरक्षित नांगरवाडा. जवळच गिर्ये गावाजवळ खडक फोडून केलेली गोदी आहे, सुमारे 110 मीटर लांब. किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्याखाली एक दगडी भिंतही आहे, साधारण 120 मीटरची. अंदाज नसलेलं जहाज जवळ आलं तर तळ फुटलाच म्हणून समजा.

या बळावर तुळाजीने दहा-बारा वर्षं किनारा हलवून सोडला. 1749 च्या सुमारास त्याने इंग्रजांचं रिस्टोरेशन हे लढाऊ जहाज जिंकलं आणि आपल्या आरमारात सामील केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 1754 मध्ये त्याने तीन डच जहाजांवर हल्ला केला. त्यातली दोन जळाली, एक हाती आलं. इंग्रजांची व्यापारी जहाजं आता एकटी फिरेनात. लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात तांडा करून जायची, आणि पहाऱ्याचा खर्च मालाच्या डोक्यावर बसायचा.

पण तुळाजीची एक मोठी चूक होती, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याचं कुणाशीच पटलं नाही. सावंतवाडीकर, बावड्याचे अमात्य, शेजारचे सगळेच त्याच्यावर चिडलेले. शाहू महाराज 1749 मध्ये गेल्यावर खरी सत्ता नानासाहेब पेशव्यांकडे गेली आणि तुळाजी त्यांना जुमानेना. समुद्रावर कोणाला भीक न घालणारा माणूस जमिनीवरही तसाच वागला. पेशव्यांनाही चूक आवरली नाही. आपल्याच सरदाराला वठणीवर आणायला त्यांनी मार्च 1755 मध्ये इंग्रजांशी तह केला. पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला.

फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार मुंबईहून निघालं, बरोबर क्लाइव्हची फौज. निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी बसून लुटीची वाटणी ठरवून टाकली होती. त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता! जमिनीकडून पेशव्यांची फौज रामाजी महादेवांच्या हाताखाली आली होती. दोन्हीकडून कोंडी झाल्यावर तुळाजी किल्ला एका नातलगावर सोपवून बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला. शेवटी आपली माणसं आपल्याला समजून घेतील, असं कदाचित त्याला वाटलं असेल.

12 फेब्रुवारीच्या दुपारी तोफा सुरू झाल्या. तुळाजीची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून उभी होती. एक तोफगोळा एका जहाजावर पडला आणि आग लागली. ते जहाज कोणतं? तेच रिस्टोरेशन! इंग्रजांकडून जिंकलेल्या जहाजाची आग शेजारच्या गुराबेला लागली, तिथून पुढच्या, तिथून गलबतांना. अंधार पडेपर्यंत कान्होजींपासून दोन पिढ्यांनी उभं केलेलं आरमार कोळसा होऊन पाण्यावर तरंगत होतं. त्याच रात्री क्लाइव्हने आपली माणसं उतरवली, ती पेशव्यांची फौज आणि किल्ला यांच्या मधोमध. म्हणजे मित्रालाच आधी आत जाता येऊ नये! 13 तारखेला किल्ला पडला.

आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. जहाजांवरून आलेला माल पुन्हा जहाजांवर चढला आणि ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी आपापसात वाटून घेतला. पेशव्यांना किल्ला मिळायलाही ऑक्टोबर उजाडला, आणि त्या तहात बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालला गेले. 1757 ची प्लासी आपण शिकलोच आहोत.

तुळाजी मात्र पेशव्यांच्या कैदेतच राहिला. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर, थोडीथोडकी नाही, सुमारे तीस वर्षं. ज्याच्या नावाने सुरतेपासून मलबारपर्यंतचे व्यापारी जहाज सुटताना देव आठवायचे, त्याला त्यानंतर समुद्र दिसला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. विजयदुर्गावर पुढे धुळपांनी मराठ्यांचं आरमार पुन्हा उभं केलं, पण जे जळलं ते जळलंच. 1818 मध्ये सगळा किनारा इंग्रजांचा झाला.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, त्यामुळे तुळाजी बरोबर की पेशवे, याचा निकाल मी देणार नाही. पण एवढं कळतं, की लुटलेलं रेशीम आणि सोनं दोनदा हातचं गेलं, तरी ते पुन्हा मिळवता आलं असतं. जहाजं बांधणारे सुतार, खाडी ओळखणारे तांडेल, वारा वाचणारे खलाशी यांचं जे नुकसान झालं, ते कुठल्याच तहात भरून मिळालं नाही. प्रॅक्टिकलमध्ये एका ग्रुपमधल्या दोघांचं भांडण झालं की तिसराच आपलं रीडिंग पूर्ण करून सबमिशन करतो, हे आपण दर सेमिस्टरला बघतो. 1756 मध्ये फरक एवढाच, की पणाला आख्खा समुद्र होता.

पुढच्या वेळी विजयदुर्गला गेलात, तर फोटो जरूर काढा. पण ओहोटीला एकदा खाडीच्या बाजूला जाऊन पाच मिनिटं गप्प उभे राहा. ते आरमार तिथेच जळालं.