फ्रीडरिश विल्हेल्म फॉन श्टॉयबेन

फ्रीडरिश विल्हेल्म फॉन श्टॉयबेन (१७ सप्टेंबर, १७३०:माग्डेबुर्ग, प्रशिया - २८ नोव्हेंबर, १७९४:न्यू यॉर्क, अमेरिका) हा प्रशियन सैन्याधिकारी होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्याने जॉर्ज वॉशिंग्टनच्या कॉंटिनेंटल आर्मीला कवायतीबरोबरच छावणीत राहण्याची शिस्त शिकवली.

पूर्वायुष्य

श्टॉयबेन सप्तवार्षिक युद्धात प्रशियाकडून लढला. १७६३ मध्ये सैन्यातून बाहेर पडल्यावर त्याने एका लहान जर्मन संस्थानाच्या दरबारी नोकरी केली. पुढे पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिनने त्याला शिफारसपत्र दिले. त्यात त्याचा हुद्दा प्रत्यक्षापेक्षा बराच वरचा दाखवला होता.

व्हॅली फोर्ज येथील प्रशिक्षण

फेब्रुवारी १७७८ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत पोचला. तेथे अन्नवस्त्रांची टंचाई होती आणि मेलेली जनावरे उघड्यावर कुजत होती. अनेक सैनिक संगिनीचा उपयोग मांस भाजण्यापुरताच करत. या छावणीच्या सहा महिन्यांत तेथे लढाई झाली नाही, तरीही सुमारे २,००० सैनिक मरण पावले. यांतील बहुतेकांचा बळी विषमज्वर, हगवण यांसारख्या रोगांनी घेतला.

श्टॉयबेनने राहुट्या व झोपड्या ओळीने उभारण्याची पद्धत घातली. स्वयंपाकाची जागा एका टोकाला आणि शौचाचे चर विरुद्ध टोकाला, उताराकडे ठेवले. सुमारे १०० निवडक सैनिकांना त्याने स्वतः शिकवले व त्यांच्याकरवी इतरांना तयार केले. त्याला इंग्रजी फारसे येत नसल्याने त्याच्या फ्रेंच सूचनांचे भाषांतर करावे लागे. अमेरिकन सैनिकाला आज्ञेमागील कारण सांगावे लागते, हे त्याने लवकरच ओळखले. मे १७७८ मध्ये त्याची महानिरीक्षकपदी नेमणूक झाली. २८ जून, १७७८ रोजी मॉनमथच्या लढाईत हेच सैन्य ब्रिटिशांपुढे मोकळ्या मैदानात टिकून राहिले.

ब्लू बुक

त्याने लिहिलेली नियमावली काँग्रेसने २९ मार्च, १७७९ रोजी मंजूर केली. निळ्या मुखपृष्ठामुळे ती ब्लू बुक या नावाने ओळखली जाते. कवायतीशिवाय तीत मुक्कामाचेही नियम आहेत. एका रात्रीपेक्षा अधिक मुक्काम असल्यास पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी तंबूभोवती चर खणावा, शौचाचे चर दर चार दिवसांनी बुजवून नवे खणावेत, असे त्यांत सांगितले आहे. ही नियमावली १८१२ पर्यंत वापरात होती.

अखेरचे दिवस

युद्धानंतर श्टॉयबेनने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. कर्जामुळे त्याची अनेक वर्षे ओढाताणीत गेली. न्यू यॉर्क राज्यात मिळालेल्या जमिनीवर त्याचा मृत्यू झाला.