दिवा विझू न देणारे वडील

मुलगा दहावीत गेला की घराचं वेळापत्रकच बदलतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद, लग्नकार्यंही बंद! क्लासची फी भरली, गाइडं आणून दिली, आता पुढचं त्याचं त्यानं बघावं, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. अशा वेळी मला हटकून आठवतात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूला झाला. हे चौदावं अपत्य. आई भीमाबाई लवकर गेल्या, मग लहानग्या भीमाला सांभाळलं आत्या मीराबाईंनी. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. पोराचं अभ्यासात मन रमेना. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्यानं ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याची पैशांची पिशवी पळवली, तर आत निघाला जेमतेम अर्धा आणा! मुलाला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून त्यानं अभ्यास मनावर घेतला.

१९०४ च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईत परळच्या चाळीत आले. एल्फिन्स्टन हायस्कुलात नाव घातलं. घर म्हणजे एकच खोली. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं तिथंच. एवढ्या गोंगाटात वाचणार कसं? रामजींनी तोड काढली. भीमाला संध्याकाळीच लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून आपण आडवं व्हायचं. मिणमिणत्या दिव्याजवळ मुलगा उजाडेपर्यंत वाचत बसे.

रामजी स्वतः लष्करी शाळेत मास्तर होते. मुलाकडून इंग्रजी आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं त्यांनीच घटवून घेतली. भीमाला अवांतर वाचनाचं भारी वेड. आधी शाळेचं बघ, असं वडिलांना वाटायचं, पण पुस्तक मात्र ते आणून द्यायचेच. हातात पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. तिच्याकडेही रोकड नसली तर तिचा दागिना घेऊन गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. थोरल्या आनंदरावांनी तर शाळा सोडून नोकरी धरली, धाकट्याचं शिक्षण चालावं म्हणून.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२! आजच्या टक्केवारीत आपण नाकच मुरडलं असतं. पण घरानं पाठीवर हात ठेवला. कौतुकाची सभा झाली, केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे त्यांच्याच खटपटीनं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले आणि त्याच वर्षी त्यांचा भीम अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. ते बघायला वडील नव्हते.

मैत्रिणींनो, पैसा रामजींकडे नव्हताच. त्यांनी दिली ती स्वतःची झोप. आपल्यालाही रोज जागायला नको. पण मूल वाचत असताना शेजारी भाजी निवडत बसलं, कमी गुण पडले तरी जेवायला प्रेमानं हाक मारली, तरी त्याला केवढा आधार वाटतो!

आणि हो, भावाच्या पुस्तकांसाठी ज्यांचे दागिने गहाण पडले, त्या लेकींनाही विसरू नका. आज आपल्या घरात मुलगा शिकतोय, तशी मुलगीही शिकतेय ना? मग पहाटेची हाक दोघांनाही मारू या.