करकरणारा खुबा आणि जॉन चार्नली

वणीच्या सप्तशृंगी गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तरी नवस फेडायचा तर पाचशे पायऱ्या चढूनच, असं म्हणणारी माणसं कमी नाहीत. त्यात एखादी आजी अशीही असते, की जिचा खुब्याचा सांधा बदललेला आहे. तिच्या खुब्यात जे बसवलंय त्याची कल्पना ज्याची, तो जॉन चार्नली.

इंग्लंडमधल्या बरी गावी 29 ऑगस्ट 1911 रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांचं औषधाचं दुकान, आई परिचारिका. मँचेस्टरला वैद्यकीय शिक्षण झालं. दुसऱ्या महायुद्धात तो इजिप्तमध्ये लष्करी डॉक्टर होता आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये हाडांच्या रुग्णांसाठी उपकरणं बनवून घ्यायचा. लेथ मशीनचं वेड त्याला तेव्हापासूनचं. युद्धानंतर हाड कसं जुळतं हे पाहण्यासाठी त्याने स्वतःच्या नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करून घेतली. जखमेत पू झाला, पुन्हा टेबलावर झोपावं लागलं. 1950 मध्ये त्याने मोडलेली हाडं चिरफाड न करता कशी बसवावीत यावर पुस्तक लिहिलं. ते आजही वाचलं जातं. म्हणजे ऊठसूट सुरी चालवणारा हा गडी नव्हता.

त्या काळी झिजलेल्या खुब्यात अॅक्रिलिकचा गोळा बसवत. असा एक रुग्ण त्याच्याकडे आला. तो जेवायला बसून पुढे वाकला की सांधा करकरायचा, इतका की बायको टेबलावरून उठून जायची. दुसऱ्या कुणी तेल-मालिश सांगितलं असतं. चार्नलीने घर्षणाचा अभ्यास सुरू केला. निरोगी सांध्यातली कूर्चा बर्फावरच्या बर्फापेक्षाही निसरडी असते, हे त्याने मोजून पाहिलं. तसं कृत्रिम काही हवं होतं. त्याने धातूचा गोळा मुद्दाम लहान, जेमतेम 22 मिलिमीटरचा घेतला, कारण गोळा लहान तर फिरताना अडथळा कमी. दंतवैद्य कवळीसाठी वापरतात त्या अॅक्रिलिकच्या सिमेंटने, गवंडी फटीत माल भरतो तसा, तो हाडात पक्का केला. वाटीसाठी निवडलं टेफ्लॉन.

निकाल थक्क करणारे होते. वर्षानुवर्षं खाटेवर असलेली माणसं चालू लागली. सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या आणि दोन-तीन वर्षांतच त्या झिजू लागल्या. झिजलेल्या भुकटीने आजूबाजूला गाठी झाल्या, हाड पोखरलं गेलं. भुकटीच दोषी आहे का, हे पाहायला चार्नलीने ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. महिने उलटले तरी तिथल्या गाठी विरल्या नाहीत. मग ज्यांना त्याने चालवलं होतं, त्यांनाच पुन्हा टेबलावर घेऊन वाट्या काढण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं. ते त्याने दुसऱ्यावर ढकललं नाही.

1962 मध्ये एक विक्रेता रायटिंग्टन रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाची दातेरी चक्रं त्याची करत. चार्नलीने नखाने ओरखडा काढून पाहिला आणि नको म्हणाला. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने साहेब परदेशी असताना तो तुकडा झीज मोजण्याच्या मशीनवर लावून ठेवला. तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे. या शोधाचं निम्मं श्रेय माझ्या मते क्रेव्हनचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी वाटी पहिल्या रुग्णात बसली.

पण आता चार्नली शहाणा झाला होता. काही वर्षं निकाल पाहिल्याशिवाय त्याने हा सांधा बाहेर जाऊ दिला नाही. नंतरही, जे सर्जन रायटिंग्टनला येऊन शिकून गेले त्यांनाच तो मिळे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्याने ऑपरेशन थिएटरमध्ये गाळलेल्या हवेचा काचेचा कक्ष उभारला. संसर्गाचं प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आत आलं.

1977 मध्ये सर ही पदवी मिळाली, 5 ऑगस्ट 1982 रोजी तो गेला. आपल्या रुग्णांना तो एक विनंती करीत असे: तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा आम्हाला परत काढून घेऊ द्या, किती झिजला ते मोजायचंय. बहुतेकांनी होकार दिला.