विचारून पाऊल टाकणारे थोरले महाराज



मार्गशीर्ष लागला की आमच्या नेरळला माथेरानच्या डोंगरावरून थंडी उतरते आणि घरोघरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. मुंबईला कामाला जाणारी मंडळी सुद्धा पहाटे लवकर उठून, दोन अध्याय का होईना, वाचून मगच स्टेशन गाठतात. सप्ताहाला बसणाऱ्यांचे संकल्प ऐकावेत. कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाच्या घरात जमिनीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, कुणाचे आजारपण हटत नाही. अडचण आली की गुरू आठवतो. आठवू दे. त्यात लाज कसली? प्रश्न पुढचाच आहे. विचारायचे कसे, आणि मिळालेले उत्तर आपल्या मनासारखे नसले तर करायचे काय?

हे ज्यांनी जन्मभर करून दाखवले ते प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी, आपले थोरले महाराज. त्यांच्या चरित्रात चमत्कार पुष्कळ आहेत आणि आपण ते ऐकलेले असतात. आज ते बाजूला ठेवतो.

सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली श्रावण वद्य पंचमीला महाराजांचा जन्म झाला. घर भिक्षुकीचे, परिस्थिती बेताची. वडील गणेशभट्ट दत्तभक्त, गाणगापूरला सेवेला राहिलेले. आई रमाबाई. मुलाचे वेदाध्ययन झाले, ज्योतिष झाले, एकविसाव्या वर्षी लग्न झाले, पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई. इथवर कोकणातल्या कुठल्याही वैदिक घरात घडावे तसेच. पुढे वासुदेवशास्त्री नरसोबाच्या वाडीला जाऊ लागले. तिथे गोविंदस्वामींकडून त्यांना मंत्रोपदेश मिळाला आणि आयुष्याची दिशा ठरली.

माणगावला त्यांनी दत्तमंदिर उभे केले, ते १८८३ साली. गाव लहान, पण माणसे लांबून येऊ लागली. दुखणेकरी येत, बाधा झालेले येत, कर्जबाजारी येत, मूल नसलेले येत. शास्त्रीबुवा शिकलेले, पत्रिका जाणणारे. स्वतःच्या अकलेने उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण ते आधी देवाला विचारत आणि जी आज्ञा होई तेवढेच सांगत. सांगायचे म्हणजे तरी काय? स्नानसंध्या नीट कर, गुरुचरित्र वाच, अमुक व्रत पाळ, आचार सोडू नकोस. मनाला बरे वाटेल असे काहीतरी सांगून माणसाला वाटेला लावणे त्यांना कधी जमलेच नाही. आचाराच्या बाबतीत महाराज फार कडक. आजच्या माणसाला ते जड वाटते, मलाही कधी कधी वाटते. पण जे दुसऱ्याला सांगितले त्यातले स्वतः टाळले असे त्यांच्या चरित्रात सापडत नाही.

आणि मग त्यांची स्वतःची परीक्षा आली. मंदिराला सात वर्षे होत आली होती, बसलेली घडी होती. अशा वेळी माणगाव सोडण्याची आज्ञा झाली. आपण असतो तर पुन्हा विचारले असते, नाही का? ऐकण्यात चूक झाली असेल, थोडे थांबून बघू, उत्सव होऊन जाऊ दे, असे शंभर बहाणे सुचले असते. शास्त्रीबुवांनी पत्नीला बरोबर घेतले आणि १८८९ साली ते निघाले. ज्या देवळासाठी एवढे कष्ट केले, त्याची काळजी ज्याचे देऊळ त्याच्यावर सोडली.

संसारात सुख असे फार नव्हतेच. मूल झाले तेही हाती लागले नाही. १८९१ च्या वैशाखात गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. परका गाव, जवळ माणूस नाही. महाराजांनी त्यांचे क्रियाकर्म यथासांग केले आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. ही ओळ आपण वाचून पुढे जातो. त्या तेरा दिवसांत त्या घाटावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

इथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांना प्रत्यक्ष दत्तप्रभू आज्ञा करीत अशी सगळ्यांची श्रद्धा, त्यांना आणखी कुणाला विचारायची काय गरज? पण संन्यासाला दंड हवा आणि दंड गुरूकडूनच घ्यायचा. महाराज पायी उज्जयिनीला गेले, नारायणानंद सरस्वतींपुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याकडून दंड घेतला. वासुदेवानंद सरस्वती हे नाव तिथले. घरबसल्या देवाशी माझे थेट नाते आहे म्हणणारे बरेच भेटतात. अधिकारी माणसासमोर जाऊन बसणे आणि त्याचे ऐकणे त्याहून अवघड असते बघा.

त्यानंतरची तेवीस वर्षे चालण्यात गेली. हिमालयापासून दक्षिणेपर्यंत, चातुर्मासापुरते एका जागी, बाकी पायी. आमच्या बोरघाटातून १८६३ पासून आगगाडी धावत होती. महाराज वाडीला मुक्कामाला होते त्या १९०५ च्या सुमारास नेरळहून माथेरानचे रूळ पडत होते, दोन वर्षांनी ती छोटी गाडी सुरूही झाली. सगळा देश गाडीत बसायला लागला होता आणि हा संन्यासी दंड-कमंडलू घेऊन चालत होता. वाडीच्या त्याच मुक्कामातली करुणात्रिपदी आपण रोज म्हणतो. त्यात महाराज लोकांच्या वतीने देवाला शांत व्हायला सांगतात, पण अपराध्यांच्या रांगेत स्वतःला आधी उभे करतात. दुसऱ्यासाठी मागताना आपण वरच्या पायरीवर उभे राहायचे नाही, हे त्या पदांतून कळते.

१९११ चा चातुर्मास कृष्णेच्या बेटावर, कुरवपूरला झाला. घोरकष्टोद्धारण स्तोत्र तिथले. चारी बाजूंनी गांजलेल्या एका गृहस्थासाठी ते झाले असे सांगतात. अवघे पाच श्लोक. त्यात व्याधी आणि दैन्य दूर करण्याची मागणी आहेच, प्रपंचातले मागायला महाराजांनी कमीपणा मानला नाही. पण लगेच धर्माची आवड, चांगली बुद्धी आणि सत्संगही मागितला आहे. नुसते कर्ज फिटले आणि बुद्धी तीच राहिली तर दुसरे कर्ज व्हायला कितीसा वेळ लागतो!

त्यांच्याकडे येणाऱ्यांत पुढे किती मोठी माणसे निघाली! पुण्याचे गुळवणी महाराज चित्रकलेचे शिक्षक, नोकरी सांभाळून त्यांनी गुरुसेवा केली. नारेश्वरच्या रंगअवधूतांनी महाराजांना लहानपणी पाहिले ते जन्मभर पुरले.

शेवटचा मुक्काम नर्मदाकाठी गरुडेश्वरला. आषाढ शुद्ध प्रतिपदेला, २४ जून १९१४ रोजी महाराज समाधिस्थ झाले. साठावे वर्ष चालू होते.

यंदा आमच्या सप्ताहात जमिनीच्या भांडणातले ते दोघे भाऊ एकाच सतरंजीवर, पण दोन टोकांना बसले होते. सातव्या दिवशी आरतीनंतर करुणात्रिपदी सुरू झाली. थोरल्याला पाठ नव्हती, आणि पोथी होती धाकट्याजवळ. धाकट्याने ती मध्ये सरकवली.