उन्हात भाजलेल्या गिर्यारोहकामुळे जगाला मिळाला ‘एसपीएफ’
सनस्क्रीन घेताना सगळे आधी एसपीएफचा आकडा बघतात. तो रूढ केला ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर यांनी.

१९३८ साली रसायनशास्त्र शिकत असताना ते आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढले आणि उन्हाने चांगलेच भाजले. त्यातूनच १९४६ मध्ये त्यांचं ‘ग्लेचर क्रेम’ आलं. पुढे ब्रँडलाही त्याच शिखराचं नाव मिळालं. १९७४ मध्ये आधीच्या संशोधकांच्या कामावर आधारित एसपीएफ हे माप त्यांनी मांडलं. १९८५ मध्ये त्यांचं निधन झालं.

पण हे माप मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचं. खोलवर जाणाऱ्या यूव्हीएपासून किती संरक्षण मिळेल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलंय का, तेही बघा.